चित्रफितीची गोष्ट

गोंदिया जिल्ह्यातील पुष्कळ जुन्या घरांत, माळ्यावर किंवा कपाटाच्या खालच्या कप्प्यात, लहानशा पुस्तकाएवढ्या काळ्या डब्या पडून असतात. डबीवरील कागद पिवळा पडलेला असतो, शाई फिकट झालेली असते. तरीही दोन नावे, ‘शुभविवाह’ हा शब्द आणि १९८८ किंवा १९९३ असे एखादे साल वाचता येते. ही व्हिडिओ कॅसेट होय. तुमच्या आत्याच्या लग्नातील मंगलाष्टके, तुमच्या बाबांचे बालपण, तुम्ही कधी न पाहिलेल्या पणजीचे बोलणे, असे कितीतरी त्या डबीत बंद असू शकेल. मात्र ती उघडून पाहिली, तर आत केवळ गुळगुळीत, काळपट तपकिरी फीत दिसते. उजेडासमोर धरली तरी तिच्यावर चित्र म्हणून काही दिसत नाही!

या कॅसेटची व्हीएचएस ही पद्धत जपानमधील जेव्हीसी या कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. आपल्या देशात १९८२ साली दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या आणि त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. त्यानंतर व्हिडिओ कॅसेट लावण्याची यंत्रे शहरांतून गावोगाव पोहोचली. दूरचित्रवाणी संच व यंत्र भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहण्याची तेव्हा मोठी मौज वाटे. लग्नात छायाचित्रकाराबरोबर व्हिडिओ कॅमेरावालाही दिसू लागला, आणि घरोघरी कॅसेटी जमल्या.

या कॅसेटींचे मोल केवळ त्या त्या घरापुरते आहे, असे समजू नये. दाट झाडीमुळे झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात गोंदिया जिल्हा मोडतो. येथे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार रंगते, रात्र रात्र नाटके चालतात. लग्नघरी पोवारी बोलीतील गाणी म्हटली जातात. सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. तीसचाळीस वर्षांपूर्वी अशा प्रसंगी कोणी हौशी माणूस कॅमेरा घेऊन उभा राहिला असेल, तर त्या वेळची गाणी, वाद्ये, पोशाख आणि बोलण्याची ढब त्याच्या कॅसेटमध्ये उतरली असेल. ज्या आजीबाईंना ती गाणी मुखोद्गत होती, त्यांपैकी पुष्कळ आता हयात नाहीत. काही गाण्यांची चाल तर अशा एखाद्या फितीखेरीज अन्यत्र कोठेच उरली नसेल.

आता या फितीवर चित्र कसे राहते, ते पाहू. फीत अर्धा इंच रुंद आणि केसाहूनही पातळ असते. पॉलिएस्टरच्या पट्टीवर लोहाच्या संयुगाची अतिशय बारीक पूड एका चिकट द्रव्याने बसवलेली असते. या पुडीचे कण म्हणजे जणू इवलेसे लोहचुंबकच. कॅमेऱ्यात आलेल्या उजेडाचे विजेच्या कमीअधिक प्रवाहात रूपांतर होते, आणि त्या प्रवाहानुसार हे कण चुंबकित होतात. फीत पुन्हा यंत्रात फिरवली की कणांच्या चुंबकत्वापासून तसाच प्रवाह निर्माण होतो आणि पडद्यावर चित्र उमटते.

येथे एक अडचण होती. चित्रासाठी आवाजापेक्षा कितीतरी अधिक माहिती साठवावी लागते. फीत वाचणारे चुंबकी टोक एका जागी स्थिर ठेवले, तर त्याच्यासमोरून फीत सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगाने पळवावी लागली असती. तीन तासांच्या कॅसेटला पन्नास किलोमीटरहून अधिक लांब फीत लागली असती! यावर शास्त्रज्ञांनी नामी युक्ती योजली. त्यांनी फितीला हळूच सरकू दिले आणि वाचणारी टोके एका वाटोळ्या ढोलावर बसवून तो ढोल गरगर फिरवला. आपल्याकडील पद्धतीत तो सेकंदाला २५ फेऱ्या घेतो. फीत त्याला तिरपी वेढून जाते, त्यामुळे चित्राच्या रेघा फितीवर तिरप्या व एकमेकींस लागून उमटतात. फीत स्वतः सेकंदाला अडीच सेंटिमीटरही सरकत नाही. म्हणून तीन तासांच्या कॅसेटला सुमारे २५० मीटर फीत पुरते. मला विचाराल, तर विसाव्या शतकात घराघरांत पोहोचलेल्या यंत्रांपैकी इतके नाजूक व इतके चतुर यंत्र दुसरे क्वचितच असेल.

परंतु ही करामत फार दिवस टिकणारी नाही. पूड धरून ठेवणारे चिकट द्रव्य हवेतील ओल शोषते, मऊ पडते आणि कालांतराने सुटू लागते. गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पावसाळ्यात हवा दमट असते, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. भाताच्या शेतीला पाऊस मानवतो, फितीला नाही. ओलीने फितीवर पांढरी बुरशी चढते, उष्णतेने ती वेडीवाकडी होते.

फितीबरोबर तिचे यंत्रही नाहीसे होत आहे, ही दुसरी आपत्ती. जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ सालच्या जुलैमध्ये असली यंत्रे करणे थांबवले. ही यंत्रे बनवणारी ती अखेरची मोठी कंपनी मानली जाते. सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्ती जाणणारे कारागीर वृद्ध झाले. चुंबकी फिती वाजवण्याची सोय पुष्कळ ठिकाणी २०२५ च्या सुमारास संपेल, असा इशारा युनेस्कोच्या एका उपक्रमाने २०१९ साली दिला होता. जुने चित्रपट जपण्यासाठी पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पण आमगावच्या किंवा तिरोड्याच्या एखाद्या घरातील लग्नाची कॅसेट कोण जपणार? ते त्या घरालाच करावे लागते.

यावर उपाय म्हणजे फितीवरील चित्राचे डिजिटल रूपांतर, म्हणजेच चित्र आकड्यांत मांडणे. प्रत्येक चित्राचे आडवे ७२० आणि उभे ५७६ भाग पाडतात. असे ४,१४,७२० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा उजेड व रंग मोजून ती मापे संगणकात साठवतात. सेकंदाला अशी २५ चित्रे, म्हणजे एक कोटीहून अधिक ठिपके झाले! यात लाभ कोणता? एखाद्या चित्रावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे असे हाताने काढत गेलात, तर दहाव्या चित्रातील मोर बदकासारखा दिसू लागेल. वहीतील ७ हा आकडा मात्र दहा वेळा उतरवला तरी ७ च राहतो. कॅसेटवरून कॅसेट करताना चित्र दरवेळी पुसट होई. आकड्यांची नक्कल मात्र मुळाबरहुकूम होते.

हे काम उतावळेपणाने करण्याचे नाही. बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालू नये. ती कॅसेट तर बिघडेलच, पण बुरशी यंत्राला लागून पुढच्या कॅसेटीही नासतील. ती जाणत्या माणसाकडेच सोपवावी. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक लहान तुकडा असतो; तो आधी मोडून टाकावा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे चित्रण होऊन जुने पुसले जात नाही. तुटलेली फीत जोडता येते, पण साध्या चिकटपट्टीने नव्हे. तिचा गोंद पसरून यंत्राची टोके बुजतात. मग यंत्राची पिवळी तार चित्रासाठी आणि पांढरी व तांबडी आवाजासाठी, अशा तारा संगणकाच्या जोडणीस लावतात आणि फीत चालू करतात. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. येथे घाई चालत नाही. जुने चित्र जवळजवळ चौकोनी असते. आजच्या रुंद पडद्यावर ते ताणून बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो. मग नवरदेव उगाचच लठ्ठ दिसतो! चित्र आहे त्याच आकारात ठेवावे.

रूपांतर झाले की घरातील वडीलधाऱ्या मंडळींना सोबत बसवून ते पाहावे आणि जवळ वही ठेवावी. फीत चेहरा दाखवते, नाव सांगत नाही. मांडवाच्या कोपऱ्यात ढोल वाजवणारा कोण, गाणे म्हणणारी कोणत्या गावची, त्या गाण्यातील अमुक शब्दाचा अर्थ काय, हे आजोबा-आजींनाच ठाऊक असते. गाव, साल आणि नावे लिहून तो कागद चित्रणासोबत साठवावा. चित्रणाच्याही किमान तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे ठेवावी. कारण संगणकाची तबकडीसुद्धा एखाद्या दिवशी बंद पडते.

मूळ कॅसेट मात्र फेकून देऊ नये. पुढे अधिक चांगल्या यंत्राने ती पुन्हा वाचता येईल. फीत पूर्णपणे एका बाजूस गुंडाळून घ्यावी आणि कॅसेट पुस्तकासारखी उभी, कोरड्या व थंड जागी, ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर ठेवावी.