तिथीची पाऊणपट आणि मुलांचा आलेख

दाभोळास वाशिष्ठीच्या खाडीकांठीं राहणाऱ्यास भरतीची वेळ काढण्याचा ठोकताळा सांगावा लागत नाहीं. तिथीची पाऊणपट करावी. तितके वाजतां पूर्ण भरती. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. घरच्या व शेजारच्या मुलांस आलेख शिकवितांना आम्हीं हाच घेतला. आडव्या रेषेवर तिथि, उभीवर तास. बिंदु जोडले कीं सरळ रेघ!

मग ती प्रत्यक्ष पडताळावी म्हणून शुक्लपक्षांत मुलांच्या तीन टोळ्या केल्या. एकीनें फेरीबोटीच्या धक्क्यापासून दूर रोवलेल्या काठीवर पाणी पाहावें, दुसरीनें घड्याळ, तिसरीनें चौकटींच्या कागदावर बिंदु द्यावे. आरंभीं सारें ठीक चाललें. अष्टमी-नवमीच्या सुमारास मात्र बिंदु भराभर वर चढूं लागले. आम्हीं कागदवाल्यांस म्हटलें, "काठीवाले चुकले असतील, खोडा तो बिंदु." त्यांनीं खोडलाही. तों काठीवाली एक मुलगी हटून बसली, "गुरुजी, आम्हीं चौघांनीं पाहिलें आहे."

दुसऱ्या दिवशीं कंदील घेऊन आम्ही स्वतः गेलों. मुलगी खरी ठरली. पाऊणपट म्हणजे रोज ४५ मिनिटांची सरळ चाल. परंतु भरती सरासरीनें रोज सुमारें ५० मिनिटें मागें पडते, आणि तीही सारखी नव्हे. उधाणाच्या दिवसांत कमी, भांगाच्या दिवसांत अधिक; कारण चंद्रसूर्यांच्या ओढी तेव्हां एका रेषेंत नसतात. इतकीं वर्षें गणित शिकवून हें आमच्या ध्यानीं आलें नव्हतें!

बिंदु पुन्हा दिला. कागदावर आमच्या खोडण्याचा डाग अजून दिसतो.