बॉयलरचा काटा काय सांगतोय?

सप्टेंबरच्या इनटेकला यूकेला निघणाऱ्यांची पॅकिंग लिस्ट एव्हाना सगळ्यांना पाठ झाली आहे. थर्मल, कुकर, गोडा मसाला, मेतकूट, ॲडॅप्टर, कागदपत्रांची फाइल. रूम कशी शोधायची, बँक अकाउंट कसं उघडायचं, हेही सीनियर्स व्हॉट्सॲपवर सांगतात. पण लेस्टर, शेफिल्ड किंवा कॉव्हेंट्रीत चार-पाच जण मिळून जुनं घर भाड्यानं घेता, तेव्हा किचनच्या भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या डब्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मग थंडीतल्या एखाद्या सकाळी रेडिएटर गार, नळाला गरम पाणी नाही आणि त्या डब्यावरच्या डायलचा काटा शून्याला टेकलेला!

हा डबा म्हणजे बॉयलर. आपल्याकडे गिझर फक्त बाथरूमपुरता. तिकडे एकच बॉयलर अख्खं घर तापवतो. गॅसवर पाणी गरम होतं, पंप ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतो आणि थंड झालेलं पाणी परत बॉयलरमध्ये येतं. नळाच्या गरम पाण्याची वाट वेगळी. रेडिएटरमध्ये मात्र तेच ते पाणी गोल गोल फिरत राहतं. म्हणूनच याला सील्ड सिस्टिम म्हणतात. बंद वर्तुळ. ना पाणी बाहेर, ना हवा आत.

काटा दाखवतो ते या पाण्याचं प्रेशर. थंड असताना ते साधारण १ ते १.५ बार हवं. १ बार म्हणजे किती? गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून १० मीटर उंच असेल, तर त्या नळाला जेवढं प्रेशर मिळतं, साधारण तेवढं. ते खूप कमी झालं की बॉयलर स्वतःच बंद पडतो.

वाढलेलं पाणी जातं कुठे?

पाणी तापलं की फुगतं. पाइप आणि रेडिएटर मिळून १०० लिटर पाणी असेल, तर १० अंशांवरून ८० अंशांवर जाताना ते जवळजवळ ३ लिटरनं वाढतं. जुन्या पद्धतीत हे जादा पाणी माळ्यावरच्या उघड्या टाकीत चढायचं. बंद वर्तुळात टाकीच नाही. त्याऐवजी एक स्टीलचा डबा असतो, एक्स्पान्शन व्हेसल. आत मधोमध रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. पाणी फुगलं की पडदा हवेकडे सरकतो, थंड झालं की मागे येतो. म्हणून हीटिंग चालू असताना काटा थोडा वर चढला तर घाबरू नका. तो ३ बारला पोचला, तर मात्र सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी घराबाहेर काढलेल्या तांब्याच्या नळीतून सोडून देतो. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचाच भाऊ समजा.

पाणी भरायचं कसं?

काटा १ च्या खाली असेल, तर पाणी भरणं भाडेकरूलाही जमतं. आधी लँडलॉर्डला विचारा आणि मॅन्युअल बघा, कारण प्रत्येक मॉडेलची पद्धत थोडी वेगळी. बॉयलर बंद करा, थंड होऊ द्या. बऱ्याच ठिकाणी खाली चंदेरी जाळीची एक नळी आणि दोन छोटे व्हॉल्व्ह दिसतात. हा फिलिंग लूप. नळीची दोन्ही टोकं घट्ट आहेत ना, ते बघा. एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, दुसरा अगदी हळू. पाण्याचा सूं आवाज येईल. नजर काट्यावरच ठेवा. १ ते १.५ च्या मध्ये आला की दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. नळी निघणारी असेल तर काढून ठेवा, कारण तिकडच्या नियमांनुसार हे कनेक्शन तात्पुरतंच असतं.

रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल, तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून, खाली फडकं धरून, वरच्या कोपऱ्यातला स्क्रू रेडिएटरच्या किल्लीनं पाव फेरा फिरवा. फुस्स करत हवा जाईल. पाणी दिसलं की बंद करा. हवा गेली की प्रेशरही उतरतं, तेव्हा काटा पुन्हा बघा. खालून गार आणि वरून गरम असेल, तर तळाशी बहुधा गाळ साचलाय. ते काम प्लंबरचं.

नवीन सिस्टिम बसवतानाही साधारण हाच क्रम असतो. आधी व्हेसलमधल्या हवेचं प्रेशर तपासतात, मग पाणी भरतात, खालच्या मजल्यापासून वरपर्यंत हवा काढतात, गळती बघतात. ते पाणी काढून पाइप धुतात आणि गंजरोधक केमिकल घालून पुन्हा भरतात. हे केमिकल लक्षात ठेवा.

भरलं म्हणजे दुरुस्त झालं?

इथेच बहुतेक घरं फसतात. पाणी भरलं, घर गरम झालं, विषय संपला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पाचपैकी एक जण 'बॉयलरवाला' होतो आणि दर रविवारी व्हॉल्व्ह फिरवतो.

पण वर्तुळ बंद आहे, तर पाणी जातंय कुठे? प्रेशर हळूहळू उतरत असेल, तर कुठेतरी गळतंय. रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली, छतावर, जमिनीवर ओल शोधा. गरम असताना काटा ३ कडे आणि थंड झाल्यावर शून्याकडे जात असेल, तर व्हेसलमधली हवा गेली असण्याची शक्यता मोठी. बाहेरच्या तांब्याच्या नळीतून ठिबकतंय का, ते बघा. काहीही न करता काटा वर चढत असेल, तर फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह नीट बंद झालेला नाही.

शिवाय नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि केमिकल पातळ होतं. रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ होतो आणि तो पंपात जातो. म्हणजे दर रविवारचं ते 'सोल्युशन' सिस्टिमला हळूहळू संपवत असतं.

म्हणून एकदा भरा, तारीख लिहा, काट्याचा फोटो काढा. पुन्हा उतरला की दोन्ही फोटो लावून लँडलॉर्डला ईमेल करा. फोन नको, लेखी हवं. इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची सोय दुरुस्त ठेवणं ही १९८५च्या कायद्यानं लँडलॉर्डची जबाबदारी आहे. गॅसची तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी आणि तिचा रिपोर्ट राहायला जाण्याआधी तुमच्या हातात पडायला हवा. उत्तरच येत नसेल, तर स्थानिक कौन्सिलकडे तक्रार करता येते.

आणि बॉयलरचं कव्हर कधीच उघडू नका. आतलं गॅसचं काम फक्त 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या इंजिनीअरचं. गॅसचा वास आला, तर खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणांना हात लावू नका, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

घर बघायला जाल तेव्हा वाय-फायचा स्पीड विचाराच. पण किचनमधल्या त्या डायलकडेही एकदा बघा. काटा शून्यावर असेल, तर डिपॉझिट भरण्याआधीच विचारा, हे पाणी गेलं कुठे?