उत्तर आधीच ठाऊक असलेली गणितं

घरचा कॉम्प्युटर अचानक बंद पडला, तर बिघाड आहे एवढं तरी कळतं. खरी भीती वेगळ्या बिघाडाची असते. पंखा फिरतोय, स्क्रीनवर सगळं आलबेल दिसतंय आणि आत मात्र एखाद्या बेरजेचं उत्तर चुकतंय. ते चुकलेलं उत्तर फाइलमध्ये जाऊन बसतं. काही महिन्यांनी एखादा जुना फोटो उघडत नाही, तेव्हा कारणाचा माग लागत नाही. हार्डवेअरची ताण-चाचणी करायची ती अशा मुक्या चुका पकडण्यासाठी. नुसतं तापमान पाहून ‘सत्तर अंश आहे, म्हणजे ठीक’ असं म्हणणं ही अर्धीच चाचणी झाली.

या कामासाठी वर्षानुवर्षं वापरला जाणारा ‘प्राइम९५’ हा प्रोग्राम मुळात मूळसंख्यांच्या शोधासाठी लिहिला गेला. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळसंख्या, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्या, शोधण्याचा जागतिक उपक्रम सुरू केला. या उपक्रमात ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. अशा आकड्यांचे वर्ग कोट्यवधी वेळा करत जावे लागतात. वाटेत एक चूक झाली की पुढची सगळी मेहनत वाया. म्हणूनच हा प्रोग्राम स्वतःचीच उत्तरं तपासत राहतो.

ही तपासणी मोठी सुंदर आहे. अजस्र संख्येचे तुकडे करून दशांश अपूर्णांकांत गुणाकार केला जातो, पण शेवटी उत्तर पूर्णांकच यायला हवं. ते पूर्णांकापासून किंचित ढळलं तर चालतं. हे ढळणं ०.४ च्या वर गेलं, की प्रोग्राम लाल झेंडा दाखवून ते काम थांबवतो. शिवाय चाचणीत दिलेल्या गणितांची अंतिम उत्तरं आधीच ठाऊक असतात.

मग सशक्त प्रोसेसरचं गणित चुकतं तरी का? पाच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एका ठोक्यासाठी ०.२ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रकाशही जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. भार एकदम वाढला की व्होल्टेज क्षणभर खाली येतं, ट्रान्झिस्टर मंदावतात आणि संकेत पुढच्या ठोक्याआधी पोचत नाही. शून्याच्या जागी एक वाचला जातो. ओव्हरक्लॉकिंग करणारे, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणारे, नेमकी हीच फट आणखी अरुंद करतात.

कधी दोष खुद्द डिझाइनमध्येच निघतो. मूळसंख्या शोधणाऱ्या हौशी मंडळींना इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरवर एका विशिष्ट आकाराचं गणित सोडवताना मशीन हँग होताना दिसलं. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने दोष मान्य केला आणि बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली. हे श्रेय त्या हौशी मंडळींचं आहे.

रॅमची तपासणी वेगळी करायला हवी. त्यासाठीचा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू होण्याआधी चालतो. मेमरीभर शून्य-एकचे साचे लिहितो आणि परत वाचतो. रॅममधला विद्युतभार सतत गळत असतो, साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो, आणि उष्णतेत ही गळती वाढते. म्हणून हवामानाचाही विचार हवा. डिसेंबरात पुण्यात उत्तीर्ण झालेला पीसी मे महिन्यात नागपूरच्या खोलीत पुन्हा तपासलाच पाहिजे. खोली वीस अंशांनी तापली, तर प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो.

लक्षणांवर विसंबून सुटे भाग बदलत सुटू नये, असं मी आग्रहाने सांगेन. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडत. ज्याला त्याला ग्राफिक्स कार्डाचा संशय. दोष निघाला प्रोसेसरमध्ये; जास्तीच्या व्होल्टेजमुळे तो झिजला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्ती आली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली. पण आधीच झिजलेली चिप त्या दुरुस्तीने बरी होत नव्हती, ती बदलूनच घ्यावी लागे.

चाचणीत चूक दिसली, तर आधी बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी आणि असेल ते ओव्हरक्लॉकिंग बंद करावं. तरीही चूक येत असेल, तर रॅमची एकच पट्टी ठेवून चाचणी पुन्हा चालवावी, मग दुसरी.