शेळ्या-मेंढ्यांवर लांडगा, कोल्ह्याचे हल्ले : सापळा नको, वाडा बंदिस्त करा

बोरी (ता. जिंतूर, जि. परभणी) परिसरात कोरडवाहू शेतीला शेळीपालनाची जोड असते. माळरान, ओढ्याकाठची झुडपे आणि उभ्या पिकात लांडगा, कोल्ह्याला आडोसा मिळतो. एका रात्रीत दोन-तीन शेळ्या गेल्या, तर अल्पभूधारक कुटुंबाचे वर्षाचे गणित बिघडते. अशा वेळी फासे किंवा विषारी आमिष लावण्याचा विचार मनात येतो. मात्र त्याने नुकसान थांबत नाही.

कायदा काय सांगतो?
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार फासा, सापळा, विष, आमिष लावून बोलावणे आणि तसा प्रयत्न करणे हीदेखील शिकारच आहे. लांडगा, कोल्हा, तरस, बिबट्या हे संरक्षित प्राणी आहेत. कुंपणात थेट वीजप्रवाह सोडल्यास माणसांचाही जीव जातो.

पकडून सोडल्याने प्रश्न सुटतो का?
जुन्नर भागात 1993 ते 2001 दरम्यान बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. 2001 नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून जवळच्या जंगलात सोडले गेले आणि हल्ले वर्षाला सरासरी 17 वर गेले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासातील ही नोंद आहे. शिवाय रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा प्राणी येतो. कोल्हा शेतातील उंदीरही खातो, हेही लक्षात घ्यावे.

प्राण्यांना आपणच बोलावतो
मेलेली जनावरे, कोंबड्या आणि वार उघड्यावर टाकल्यास वासाने कुत्री येतात, त्यांच्यामागे लांडगा, बिबट्या येतो. हे अवशेष खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत.

वाडा कसा असावा?
- जाळी किमान 6 फूट उंच, मजबूत असावी. बिबट्याचा वावर असल्यास वरूनही जाळी किंवा पत्रा आवश्यक.
- लांडगा, कोल्हा खालून उकरतात. जाळीचा तळ एक-दीड फूट जमिनीत गाडून दगड लावावेत.
- दाराखाली फट ठेवू नये. करडे, कोकरे रात्री आत वेगळी ठेवावीत.
- फिरत्या कळपाच्या वाघरीजवळ दिवा, राखणदार व कुत्री असावीत.

हल्ला झाल्यास
- 48 तासांच्या आत वनरक्षक किंवा वन अधिकाऱ्यांना कळवावे. वन विभागाची मदतवाहिनी : 1926.
- पंचनाम्यापर्यंत मृत जनावर हलवू नये. ठशांवर टोपले पालथे घालावे, फोटो काढावेत.
- पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घ्यावी. बिबट्या बहुधा नरडे धरतो. कुत्री मांड्या, कान, सापडेल तिथे लचके तोडतात. मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्याला वन विभागाची भरपाई मिळत नाही, म्हणून ही तपासणी महत्त्वाची.
- भरपाई बाजारभावाच्या 75 टक्के, शासनाने ठरवलेल्या कमाल मर्यादेत मिळते.
- माणसाला चावा बसल्यास जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील उघडे वाडे पाहून कुठे जाळी, कुठे दार हवे याची यादी पावसाळ्यापूर्वीच करावी.