अंगावर काढलेले दुखणे

मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक प्रयोग आहे. औषधोपचारावाचून आजार सोशीत राहणे, हा त्याचा अर्थ. बेकारीचा आणि आरोग्याचा संबंध या प्रयोगात नेमका सामावला आहे, असे आम्हांस वाटते.

बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजी तहसील महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. धान हे येथील मुख्य पीक. रोवणीला व कापणीला हाताला काम असते. पुढे ज्याला जमीन नाही, तो मजूर नागपूरसारख्या शहरांची वाट धरतो. क्षयरोगाचेच उदाहरण घ्या. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते. परंतु उपचार सामान्यतः सहा महिने अखंड चालवावा लागतो. तेवढ्यात हंगाम संपतो आणि पोट रोग्याला गावाबाहेर ओढते. औषध फुकट असले, तरी त्यासाठी गावात थांबून राहणे फुकट नसते.

रिकाम्या माणसापाशी वेळच वेळ, मग त्याने दवाखाना का टाळावा, असे सुस्थित घरांतून विचारले जाते. याचे उत्तर ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावात सापडते. तेथील गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाची पाहणी केली व ती १९३३ साली प्रसिद्ध केली. वाचनालयाची वर्गणी माफ होऊनही १९२९ ते १९३१ या काळात लोकांनी वाचावयास नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. काम गेले की वेळ उरतो, पण उमेद उरत नाही. आणि स्वतःच्या प्रकृतीस जपणे हेही उमेदीचेच काम आहे.

शहरातील कामगाराची स्थितीही फार निराळी नाही. कामगार राज्य विमा योजना १९५४ साली नागपुरात आली, तेव्हा नागपूर व बालाघाट एकाच राज्यात होते. परंतु हा आधार नोकरीशी बांधलेला. नोकरी सुटून वर्गणी थांबली, की ठरावीक मुदतीनंतर औषधोपचाराचा हक्कही संपतो. कारखाना बंद पडल्याने बेकार झालेल्या विमेदार कामगारांसाठी २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत भत्त्याची व औषधोपचाराची तरतूद झाली. शेतमजूर मात्र तिच्या बाहेरच राहिला. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण दिले, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरचे. तापाच्या पहिल्या दिवशीचे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी त्यात बसत नाही. आणि दुखणे अंगावर काढले जाते ते नेमके त्याच दिवसापासून.

बेकार माणूस आपले दुखणे आपणहून सांगत नाही. आपल्यावर घरचा पैसा खर्च होऊ नये, अशी त्याची धडपड असते. म्हणून वाचकांस आमची विनंती आहे : घरातील वा शेजारचे कोणी कामावाचून बसले असेल, तर ‘काम लागले का?’ असे विचारण्याआधी त्याच्या प्रकृतीची चौकशी करावी, आणि गरज दिसल्यास त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत जावे.