छोट्या ट्रॅक्टरला गवत कापणीचे यंत्र जोडताना



दसरा झाला की माळावरचं गवत पिवळं पडू लागतं आणि नेमकी तेव्हाच माणसं मिळेनाशी होतात. विळा धरणारे हात उसाच्या फडात गेलेले असतात. हंगामात जनावरांना वाढं मिळतं, पण पट्टा पडला की उन्हाळ्यात वाळल्या वैरणीवाचून भागत नाही. म्हणून उसाच्या आंतरमशागतीसाठी घेतलेल्या छोट्या ट्रॅक्टरलाच गवत कापायचे यंत्र जोडावे, असे बऱ्याच सभासदांच्या मनात आहे. विचार चांगला आहे. मात्र जोडी जमली नाही तर काय होते, ते आम्ही गेल्या हंगामाच्या तोंडावर डोळ्यांनी पाहिले.

आपल्याच एका सभासदाने २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी फिरत्या ड्रमचे यंत्र आणले. यंत्र उत्तम, धार उत्तम. सपाट रानात पहिला तास बरा गेला. नंतर पाटाच्या बांधावर चढताना पुढची दोन्ही चाकं हातभर उचलली. स्टिअरिंग फिरतंय, पण ट्रॅक्टर वळत नाही! चालवणारा पोरगा हुशार, त्याने घाईने यंत्र खाली टेकवले म्हणून निभावले.

गळीत सुरू व्हायचे होते, वजनकाटा मोकळा होता. तो ट्रॅक्टर आम्ही काट्यावर घेतला. सगळा मिळून ८२० किलो, नुसती पुढची चाकं ठेवली तर ३३०. यंत्र ३१० किलोचं. ते मागे उचलून पुन्हा पुढची चाकं काट्यावर घेतली, तर आकडा ११०! ट्रॅक्टर आणि यंत्र मिळून जे वजन होते, त्याचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा लागतो. इथे तो २२६ किलो हवा होता. विकणाऱ्याने सांगितले होते की लिफ्ट ७५० किलो उचलते. ते खोटं नव्हतं. लिफ्ट उचलतेच; पण तिच्याबरोबर ट्रॅक्टरचं तोंडही उचलतं.

दुसरा घोळ अश्वशक्तीचा. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. पीटीओवर साधारण ८५ टक्केच पोचते, म्हणजे २४ मधले २० धरा. फिरत्या ड्रमच्या किंवा चकतीच्या यंत्राला रुंदीच्या दर फुटाला ५ अश्वशक्ती हिशेबात धरावी. साडेचार फुटी यंत्राला २२ पेक्षा जास्त लागली, तिथेच गणित संपले. मागेपुढे सरकणाऱ्या पात्यांच्या कटरबारला मात्र दर फुटाला दीड ते दोन पुरते. पाच फुटी कटरबार दहात चालतो आणि वजनालाही हलका. कटरबारची धार सारखी काढावी लागते, आडवं पडलेलं गवत त्यात गुंततं, दगड लागला की बोटं मोडतात, हे सगळं मान्य. ड्रम आडवं गवतही उडवतो, पण तो दगडही उडवतो. माळावर दगड गोळा केल्याशिवाय यंत्र घालू नये आणि जवळपास पोरंबाळं उभी राहू देऊ नयेत.

क्लचचा प्रश्न कोणी विचारतच नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. काही ट्रॅक्टरला एकच क्लच असतो. दाट गवत आलं म्हणून क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबतो आणि पात्यांत गवत अडकून बसतं. क्लच दुहेरी असला किंवा पीटीओ स्वतंत्र असला, तर चाकं थांबवून पाती चालू ठेवता येतात. ड्रमच्या बाबतीत उलटीच गंमत. एकेरी क्लच दाबला तरी फिरता ड्रम आपल्या जोरावर ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. त्यासाठी शाफ्टवर एकाच दिशेने ओढ देणारा क्लच बसवून घ्यावा लागतो.

शाफ्टची लांबीही पाहावी. यंत्राबरोबर येणारा शाफ्ट मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा असू शकतो. छोट्यावर तसाच चढवला तर यंत्र उचलताना तो एकमेकांत पूर्ण शिरून टेकतो आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. लिफ्ट सावकाश वरखाली करून माप घ्यावं, मग दोन्ही नळ्या सारख्या कापाव्यात. कामाच्या वेळी एकतृतीयांश भाग तरी एकमेकांत राहिला पाहिजे. वरचं प्लॅस्टिकचं आवरण काढून फेकू नये. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला टॉवेल, काहीही ओढून घ्यायला त्या शाफ्टला क्षण पुरतो.

अर्धा एकर लसूणघास असणाऱ्यांनी यंत्राच्या वाटेला जाऊ नये. रोज थोडंच कापायचं, त्याला विळाच बरा. पाच फुटी कटरबार ताशी ५ किलोमीटरने चालला, तर वळणं धरून तासाला सव्वा ते दीड एकर उरकतो. गटातल्या चौघा-पाचजणांनी मिळून एक घ्यावा, पण आधी ठरवावं की पाती कोणी धार लावायची. कुसळीच्या माळावर पहिला नंबर ज्याचा, त्याने फुलोऱ्यातच कापावं. कुसळ धरल्यावर जनावर त्या गवताला तोंड लावत नाही.

आमच्या त्या सभासदाने ड्रम शेजारच्या ४५ अश्वशक्तीवाल्याला दिला आणि १६० किलोचा कटरबार घेतला. तो जोडून ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर आणला. पुढच्या चाकांवर आकडा आला २३० किलो.