पटाशीच्या दातातले सव्वाशे दिवस

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या कुठल्याही शाळेत दुसरी-तिसरीच्या वर्गात गेलात, तर बऱ्याच मुलांचे वरचे दोन पटाशीचे दात नुकतेच आलेले दिसतील. त्यांची धार सरळ नसते, तिच्यावर तीन बारीक उंचवटे असतात. खिडकीतला उजेड दातावर तिरका पडू दिला आणि भिंग धरलं, तर दाताच्या पुढच्या अंगावर आडव्या, एकीखाली एक अशा पुसट रेघाही दिसतात. उंचवटे पुढं चावून चावून झिजतात, रेघा घासून घासून जातात, आणि मोठेपणी आपल्याला वाटतं की दात म्हणजे एक गुळगुळीत पांढरा तुकडा. प्रत्यक्षात तो दिवसागणिक लिहिलेला जमाखर्च आहे.

हा दात तोंडात दिसतो सातव्या-आठव्या वर्षी. त्याचं काम मात्र मूल तीन-चार महिन्यांचं असतानाच जबड्याच्या हाडात सुरू झालेलं असतं. तिथं ॲमेलोब्लास्ट नावाच्या पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात आणि खनिजाचे अतिसूक्ष्म कांब घडवत मागे मागे सरकतात. एका दिवसात त्या सरकतात साधारण चार मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे चार सहस्रांश. रोजच्या कामाची एक आडवी पट्टी कांबावर उमटते, आणि सहा ते बारा दिवसांनी एक जास्त ठळक रेघ पडते. ती दाताच्या पृष्ठभागापर्यंत पोचते, तेव्हा आपल्या भिंगाला दिसते. दुधाच्या दातांचं काम तर आईच्या पोटातच सुरू होतं, म्हणून त्यांच्यात बाळ जन्मलं त्या वेळची वेगळी रेघ सापडते. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत होण्याआधी दातात झालेली असते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

अशा रीतीनं जे तयार होतं ते एनॅमल, शालेय पुस्तकांतलं दंतवल्क. वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज, माणसाच्या शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. आणि ते घडवणाऱ्या पेशी? दात हिरडीबाहेर येताना त्या नष्ट होतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, पण एनॅमल करणारं कुणी तोंडात उरलेलंच नसतं. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुरुवातीची बारीक झीज भरून काढतात, तेवढंच. गेलेला थर परत येत नाही. प्रयोगशाळांतून त्यासाठी खटपट चालू आहे, पण आज कुठल्याही दवाखान्यात कुणाच्या तोंडात नवं एनॅमल उगवून देता येत नाही.

आता या एनॅमलवर बसवल्या जाणाऱ्या व्हिनिअरकडे येऊ. पुढच्या दातांवर बसवायची पोर्सिलेनची, म्हणजे चिनीमातीच्या जातीच्या सिरॅमिकची किंवा कंपोझिट रेझिनची पातळ चकती. जाडी बहुधा ०.३ ते ०.७ मिलिमीटर. लग्नसराई जवळ आली की गावोगावचे तरुण आणि तरुणी ‘स्माईल डिझाईन’ची चौकशी करू लागतात, त्यात हीच असते. चकतीला जागा हवी, नाहीतर दात पुढं आलेला आणि जाड दिसतो, म्हणून बहुतेक वेळा दाताचा पुढचा भाग घासून घेतात. समजा अर्धा मिलिमीटर घासला. अर्धा मिलिमीटर म्हणजे ५०० मायक्रोमीटर. दिवसाला चार या हिशेबानं ते होतं सव्वाशे दिवसांचं काम. लहानपणी शरीरानं चार महिने खपून जे उभं केलं, ते फिरत्या डायमंड बरनं काही मिनिटांत उतरतं. व्हिनिअरच्या तोट्यांची यादी कुठंही मिळते. माझ्या मते तिच्यातला पहिला आणि सगळ्यांत मोठा तोटा हाच, आणि पैशांचा मुद्दा त्याच्या पुष्कळ मागून येतो.

गंमत अशी की मुळात ही चकती कायमची नव्हतीच. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी दातांवर लावायची पातळ आवरणं बनवत. कवळी चिकटवायच्या पावडरीनं ती बसवायची, चित्रीकरण झालं की काढून ठेवायची. खालचा दात जसाच्या तसा राही, कारण आवरण पक्कं बसवायची युक्तीच कुणाला ठाऊक नव्हती.

ती युक्ती सापडली १९५५ मध्ये. अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे मायकेल ब्युओनोकोर यांनी पाहिलं होतं, की कारखान्यांत धातूला रंग नीट धरावा म्हणून तो आधी फॉस्फोरिक ॲसिडनं धुतात. त्यांनी तेच ॲसिड दातावर वापरून बघितलं. काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतीवर प्लास्टर धरावं म्हणून गवंडी टाचे मारतो ना, ॲसिड एनॅमलवर तेच करतं, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या मापात. खनिजाच्या कांबांची टोकं कमीजास्त विरघळतात, असंख्य सूक्ष्म खळगे पडतात, त्यांत पातळ रेझिन उतरतं आणि तिथंच कडक होतं. पुढं १९८३ च्या सुमारास पोर्सिलेनच्या आतल्या बाजूलाही हायड्रोफ्लुओरिक ॲसिडनं असेच खळगे पाडता आले. दोन्हीकडून पकड मिळाली, आणि आजचं व्हिनिअर जन्माला आलं.

यातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट मात्र दवाखान्याच्या माहितीपत्रकात क्वचितच असते. व्हिनिअर टिकतं ते खाली शिल्लक राहिलेल्या एनॅमलच्या जोरावर. एनॅमल जवळपास पूर्ण खनिज, कोरडं करता येणारं, त्यामुळं पकड घट्ट आणि वर्षानुवर्षं टिकणारी. त्याच्या खालचं डेंटिन ओलसर असतं, त्यात कोलॅजनचे धागे असतात. तिथंही रेझिन चिकटतं, पण पाण्यानं आणि तोंडातल्या विकरांनी तो जोड हळूहळू सैल होतो. म्हणजे जागा करण्यासाठी जितकं जास्त घासाल, तितकी चकती धरून ठेवणारी वस्तूच कमी होत जाते. शिवाय एनॅमल सगळीकडे सारखं जाड नसतं. पटाशीच्या दाताच्या धारेकडे ते मिलिमीटरभर असेल, पण हिरडीपाशी इतकं पातळ होतं, की अर्धा मिलिमीटर घासल्यावर डेंटिन उघडं पडू शकतं.

आणि डेंटिन जिवंत आहे. त्याच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात, द्रवानं भरलेल्या, दाताच्या गाभ्यातल्या नसेकडे जाणाऱ्या. थंड पाणी लागलं की नळ्यांतला द्रव हलतो आणि ती हालचाल नसेला कळते. दात शिवशिवतात म्हणतो आपण, ते हेच. व्हिनिअरनंतर काही दिवस किंवा काही महिने ही शिवशिव राहू शकते. घासताना झालेली उष्णता आणि धक्का नस सोसू शकली नाही, तर क्वचित रूट कॅनलपर्यंत पाळी येते.

वाकडे दात ‘दोन भेटींत सरळ’ करून देतो असं कुणी म्हणालं, तर मला तिथं फार काळजी वाटते. पुढं आलेला दात ओळीत दिसायचा, तर पुढं आलेला भागच कापावा लागतो. तारा लावून दात हलवायला वर्ष-दीड वर्ष जातं हे खरं, पण त्यात एनॅमल जागेवर राहतं. त्याहून वाईट म्हणजे व्हिनिअर म्हणून सांगायचं आणि दात चहूबाजूंनी कोरून कॅप बसवायची. हे मोजून पाहिलेलं आहे: व्हिनिअरसाठी पुढच्या दाताच्या दिसणाऱ्या भागातला ३ ते ३० टक्के पदार्थ जातो, पूर्ण कॅपसाठी साठ-सत्तर टक्के. ‘कॅप की व्हिनिअर?’ हा प्रश्न म्हणूनच खुर्चीत बसण्याआधी विचारायचा.

आता व्हिनिअर लावलेला दात घेऊन आपल्या भागात जगायचं कसं, तेही बघायला हवं. बेळगाव जिल्हा उसाचा. बांधावर बसून उसाचं कांडं पुढच्या दातांनी सोलणं, चरचर साल ओढणं, हे इथं लहानपणीच अंगवळणी पडतं. पोर्सिलेन दाबाला चांगलं असतं, पण ठिसूळ. ऊस सोलताना चकतीच्या कडेवर येणारा ताण म्हणजे तिला उचकटण्याचाच प्रयत्न. येळ्ळूरला कुस्तीची गोडी मोठी, आणि लाल मातीत डोक्याला डोकं लागतं, कोपर तोंडावर बसतं. झोपेत दात खाणाऱ्यांचंही तसंच, रात्रभराच्या घर्षणानं चकती तडकते किंवा सुटते. अशांना रात्री घालायचं गार्ड दिलं जातं, पण ते रोज, कायम घालावं लागतं. आणि पोर्सिलेनचा टवका उडाला, तर तोंडातल्या तोंडात पूर्वीसारखं करणं अवघड, बहुधा चकतीच बदलावी लागते.

निपाणीकडे गेलं की तंबाखू. तव्यावर भाजून कुटलेली मिशरी दाताला लावायची सवय अजून कितीतरी घरांत आहे. तिचे काळे-तपकिरी डाग बहुतेक दाताच्या वरवर असतात. ते दात साफ करून आणि पॉलिश करूनच जाऊ शकतात, त्यासाठी एनॅमल कापायची गरज नाही. पण तंबाखूनं हिरडी खाली सरकते, हाड झिजतं, तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच. अशा हिरडीवर सुंदर चकती बसवली, तरी हिरडी सरकली की सांधा उघडा पडतो, तिथं अन्न अडकतं आणि चकतीच्या कडेखालून कीड लागते. चकतीला कीड लागत नाही, दाताला लागते, आणि ती आत आत वाढत असताना बाहेरून पांढरं शुभ्रच दिसत राहतं. मिशरी सुटल्याशिवाय व्हिनिअरचा विचार करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

रंगाचंही एक आहे. पोर्सिलेनचा रंग ठरला तो ठरला, ब्लीचिंगनं ते उजळत नाही. शेजारचे खरे दात वयाबरोबर पिवळसर होत जातात आणि दहा वर्षांनी ओळीत फरक दिसू लागतो. कंपोझिटची चकती स्वस्त आणि बहुधा कमी घासून बसते, पण चहा, हळद, तंबाखू यांचे डाग लवकर घेते आणि पाच-सात वर्षांत बदलावी लागते. चांगल्या हाताच्या पोर्सिलेन चकत्या दहा-पंधरा वर्षं टिकतात, काही त्याहून जास्त. पंचविसाव्या वर्षी लग्नासाठी सहा दात केले, तर सत्तरीपर्यंत तेच काम आणखी तीनेक वेळा करायचं. प्रत्येक वेळी जुनी चकती घासूनच काढायची, तिच्याबरोबर थोडा दातही जायचा, आणि हजारो रुपये दर दातामागे पुन्हा मोजायचे.

एवढं सांगून व्हिनिअर वाईट म्हणणं अन्यायाचं होईल. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत किंवा इकडं बागलकोट, कोप्पळ, रायचूर भागात पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. ते पाणी पिऊन वाढलेल्या मुलांचं एनॅमल घडतानाच बिघडतं, दातांवर तपकिरी डाग आणि खड्डे येतात. लहानपणी टेट्रासायक्लिन दिलं गेलं, तर ते कॅल्शियमला धरून दातात कायमचं बसतं, राखाडी पट्टे पडतात. अपघातात धारेचा मोठा तुकडा उडतो. हसताना तोंडावर हात धरणाऱ्या अशा मुलीला व्हिनिअरनं मोकळेपणा दिला, तर त्या सव्वाशे दिवसांची किंमत वसूल झाली असं मीही म्हणेन. प्रश्न आहे तो निरोगी दात फक्त आणखी पांढरे आणि एकसारखे करण्यासाठी घासण्याचा.

येळ्ळूरकरांना विचारायला लांब जावं लागत नाही. बेळगावात केएलईचं दंत महाविद्यालय १९८५ पासून आहे, मराठा मंडळाचंही आहे, आणि दुसरं मत घेण्यात कुठल्याही डॉक्टरचा अपमान होत नाही. किती मिलिमीटर घासणार, चकतीच्या सगळ्या कडा एनॅमलवरच बसतील का, हे आकड्यांत विचारावं. आणि आधी मॉकअप मागावा. दात न घासता, न खळगे पाडता, नव्या आकाराचं तात्पुरतं रेझिन दातांवर ठेवून दाखवतात. आरशात बघता येतं, फोटो काढता येतो. ‘व’ आणि ‘फ’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांच्या धारेला लागतो, म्हणून दात लांबवले असतील तर बोलूनही बघता येतं. पिंकस जे करत होते तेच हे. नको वाटलं, तर ते काढून टाकायचं, आधी दात साफ करून घ्यायचे, मग गरज असेल तर ब्लीचिंग, आणि त्यानंतर दोन आठवडे थांबायचं, कारण ब्लीच केलेल्या दाताचा खरा रंग तेवढ्या दिवसांनी स्थिरावतो. पुष्कळांचं समाधान तिथंच होतं.